पाचव्या घरावरच का अडते? जुन्या रिव्हॉल्व्हरमधली झीज नेमकी शोधायची कशी

तक्रार बहुतेक वेळा एकाच वळणाची असते. रिव्हॉल्व्हर जुनी, वडिलांच्या किंवा काकांच्या परवान्यावरून वारसाने आलेली. चार गोळ्या व्यवस्थित सुटतात, पाचव्या वेळी सिलिंडर अडतो, बोटाने ढकलला की पुढे सरकतो. कधी चाप एकाएकी जड होतो, कधी घोडा पडतो पण काडतूस फुटत नाही, कधी शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या हाताला शिशाचा कण चावतो. दुरुस्तीला दिली, स्प्रिंग बदलून आली, काही दिवस बरी चालली आणि पुन्हा तेच. दुखणं असं फिरून येतं, कारण जो भाग बदलला तो झिजलेला नव्हता, किंवा झिजलेला असला तरी त्रास त्याचा नव्हता.

रिव्हॉल्व्हरमध्ये एक सोय आहे, ती पिस्तुलात नाही. घोडा एक, चाप एक, नळी एक, पण काडतुसं बसण्याची घरं सहा. तीच यंत्रणा सहा निरनिराळ्या घरांवर आळीपाळीने काम करते. म्हणून प्रत्येक घरावर काय होतं ते वेगवेगळं लिहून काढलं की दोषाचा पत्ता त्या कागदावरच सापडतो. बिघाड एकाच घरावर येत असेल तर दोष त्या घराचा: त्याचा दाता (सिलिंडर फिरवण्यासाठी ज्याला ढकललं जातं तो मागचा दात), त्याची खाच (सिलिंडर जागेवर अडतो तो खळगा), त्याच्यातली घाण. सहाही घरांवर सारखाच येत असेल तर सगळ्यांना सामाईक असलेल्या भागाचा. आणि एका बाजूच्या दोन-तीन घरांवर वाढत जाऊन समोरच्या बाजूला कमी होत असेल तर काहीतरी वाकलेलं आहे. पुढचं सगळं या तीन ओळींवर उभं आहे.

आधी दोन गोष्टी

काडतुसं काढा, सगळी घरं डोळ्यांनी बघा, बोट घालून बघा आणि जिवंत काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून या. तपासणीच्या टेबलावर एकही जिवंत काडतूस असता कामा नये. चाचण्यांसाठी सहा डमी (दारू नसलेली खोटी काडतुसं) लागतील, आणि त्या दुरूनही खऱ्या काडतुसांपेक्षा वेगळ्या दिसणाऱ्या रंगाच्या हव्यात. डमीशिवाय घोडा वारंवार पाडू नका, काडतुसावर ठोका देणाऱ्या जुन्या पिनेचं टोक त्यानेच तुटतं.

दुसरं म्हणजे इथे जे सांगितलंय ते बघण्यापुरतं आणि मोजण्यापुरतं आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे शस्त्राची दुरुस्ती हाही परवान्याचा विषय आहे. गावातला लेथवाला कितीही कसबी असला तरी त्याच्याकडे रिव्हॉल्व्हर देणं म्हणजे दोघांनीही अडचणीत येणं. काम परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच द्यायचं, पण तिथे जाताना हातात सहा घरांचा कागद असला की काम भलत्याच ठिकाणी होत नाही.

साहित्य थोडंच लागतं. मोटरसायकलचे टॅपेट सेट करायला वापरतात ते फीलर गेज (सगळ्यात पातळ पान ०.०५ मिमीचं किंवा त्याहून पातळ हवं), बारीक टॉर्च, भिंग, जुना टूथब्रश, मार्कर आणि कागद. मापं खाली मिमी आणि थाऊ अशा दोन्हींत दिली आहेत. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, साधारण ०.०२५ मिमी.

झीज शोधण्याआधी घाण काढा

अडणाऱ्या रिव्हॉल्व्हरचं पहिलं कारण झीज नसतंच. पुंगळ्या बाहेर काढणारी जी चांदणीच्या आकाराची पट्टी सिलिंडरच्या मागच्या तोंडावर बसते, तिच्याखाली न जळलेल्या दारूचे दोन-चार कण जाऊन बसतात. कण मोहरीच्या चतुर्थांशाएवढासुद्धा नसतो, पण तेवढ्याने चांदणी वर उचलली जाते, तिच्यावरचे दाते मागे येतात आणि सिलिंडर मागच्या पाटीवर घासू लागतो. लक्षण अगदी झिजलेल्या रिव्हॉल्व्हरसारखं दिसतं. चांदणी पूर्ण बाहेर ढकला, तिची खालची बाजू आणि ती बसते तो खळगा ब्रशने कोरडा करा. तेल तिथे लावूच नका, तेलाला कण चिकटतात.

हा कचरा तिथे जातो तो पुंगळ्या काढण्याच्या सवयीमुळे. सिलिंडर बाजूला उघडणारी रिव्हॉल्व्हर असेल तर नळी आभाळाकडे करून दांडा एकदाच जोरात दाबायचा, म्हणजे पुंगळ्यांबरोबर कण खाली पडतात. मधे मोडणाऱ्या रिव्हॉल्व्हरमध्ये, म्हणजे ब्रिटिश वेब्ली आणि तिच्या घडणीवर कानपूरला बनलेल्या .३२ बोअरच्या रिव्हॉल्व्हरमध्ये, उघडताना नळी खाली जाते आणि सिलिंडरचं मागचं तोंड वर येतं. कण सरळ चांदणीखाली. कधी एखादी पुंगळीच चांदणीखाली घसरून घरात परत जाते आणि रिव्हॉल्व्हर ना उघडत ना बंद होत. उपाय सोपा आहे: उघडताना रिव्हॉल्व्हर आडवी किंवा उलटी वळवून झटकन पूर्ण उघडायची.

दुसरा कचरा तेलाचा. घरोघरी खोबरेल लावण्याची पद्धत आहे आणि ती सोडलेली बरी. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली थिजतं. डिसेंबरात नाशिक-पुण्याकडे चाप जड होतो, घोडा मंद पडतो, आणि लोक स्प्रिंग बदलायला धावतात. शिवाय वर्षानुवर्षांचं खोबरेल आत वार्निशसारखं पिवळं आणि चिकट होतं. ते धुऊन काढून पातळ खनिज तेलाचे मोजके थेंब दिले तर पुष्कळ जुन्या रिव्हॉल्व्हर मोकळ्या होतात.

तिसरी गोष्ट, चांदणीचा दांडा. सिलिंडर बाजूला उघडून हलकेच फिरवा आणि दांड्याच्या टोकाकडे बघा. टोक जागच्या जागी फिरायला हवं. ते गोल घिरटी घालत असेल तर दांडा वाकलाय, आणि कागदावर जो एका बाजूने वाढत जाणारा त्रास दिसतो तो बहुधा याचाच. दांडा सैल होऊन पुढे सरकला असेल तर सिलिंडर उघडायलाच त्रास देतो. तो आवळताना सिलिंडरमध्ये डमी भरलेल्या असाव्यात, नाहीतर सगळा पीळ चांदणीवर येतो. आणि आटे बघून घ्या: स्मिथ अँड वेसन या अमेरिकी कंपनीने (पुढे नुसतं ‘स्मिथ’) १९६१ च्या सुमारास या दांड्याचे आटे उजव्याचे डावे केले. जुन्या समजुतीने नवा दांडा आवळायला जाणारा तो सैल करत असतो.

घरांना नंबर आणि पहिली चाचणी

मार्करने सिलिंडरवर एक ते सहा नंबर घाला (पाच घरांची असेल तर पाच). सगळ्या घरांत डमी भरा. रिकाम्या सिलिंडरवर चाचणी करू नका, कारण चांदणीला स्वतःची थोडी ढिलाई असते आणि ती काडतुसांनीच भरून निघते. रिकामी तपासून सदोष ठरवलेली रिव्हॉल्व्हर डमी भरल्यावर पुष्कळदा ठणठणीत निघते.

आता दुसऱ्या हाताचं बोट सिलिंडरला हलकेच टेकवा, सायकलच्या चाकाला ब्रेक नुसता लागावा इतकंच, आणि घोडा अंगठ्याने अगदी सावकाश मागे ओढा. घोडा पूर्ण चढून अडकण्याच्या आधी किंवा फार तर त्याच क्षणी, सिलिंडरच्या खाचेत स्टॉप (सिलिंडरला जागेवर अडवणारा खटका) पडल्याचा बारीक ‘टक’ आवाज यायला हवा. घोडा चढला आणि सिलिंडर अजून किंचित हलतोय, बोटाने ढकलल्यावर मग ‘टक’ होतोय, तर ते घर उशिरा पोचतंय. कागदावर त्या नंबरापुढे ‘उशीर’ लिहा. सहाही घरांवर दोन-दोनदा करा.

बोटाचा ब्रेक का लावायचा ते सांगायला हवं. घोडा झटक्यात ओढला की सिलिंडर स्वतःच्या वेगानेच उरलेलं अंतर कापतो आणि दोष झाकला जातो. विकणारे नेमके तसंच फटाफट ओढून दाखवतात. ब्रेक लावून सावकाश ओढणं ही जुन्या रिव्हॉल्व्हरची खरी परीक्षा.

उशीर एकाच घरावर असेल तर त्या घराचा दाता झिजलाय किंवा कुणीतरी कानस मारली आहे. भिंगाखाली सहा दाते शेजारी-शेजारी बघा. चांगल्या दात्याची कड सरळ, तीक्ष्ण असते आणि हँड (चापावर बसलेली, सिलिंडरला ढकलणारी पट्टी) टेकतो तिथे अरुंद चकाकी दिसते. झिजलेल्यावर ती चकाकी रुंद होऊन कडेवर उतरलेली असते. सहाही घरांवर सारखाच उशीर असेल तर दात्यांना हात लावायचं काम नाही. तिथे हँड झिजलाय. हँड बदलणं हे चांदणी बदलण्यापेक्षा सोपं आणि स्वस्त काम आहे. कोल्ट या अमेरिकी कंपनीच्या जुन्या घडणीत, पोलीस पॉझिटिव्हपासून पायथनपर्यंत, गोळी सुटते त्या क्षणी हँड सिलिंडरला दाबून धरतो. त्यामुळे तिथे हँड झिजणं अपेक्षितच आहे; ठरावीक वापरानंतर तो बदलायचाच भाग समजावा, त्यावरून रिव्हॉल्व्हरला वाईट म्हणू नये.

आता उलटी चाचणी. बोट काढा आणि घोडा जरा वेगाने ओढा. सिलिंडर खाचेवर न थांबता पुढे निसटत असेल तर स्टॉप झिजलाय, त्याची स्प्रिंग मेली आहे, किंवा खाचेची कड चेपली आहे. खाच नीट बघा. नवीन खाचेच्या दोन्ही भिंती उभ्या असतात. मार बसलेल्या खाचेची ज्या बाजूला स्टॉप आपटतो ती कड बाहेर लोटली गेलेली असते. नखाने ओलांडली तर नख अडतं. चाप झपाझप ओढून सराव केलेल्या रिव्हॉल्व्हरमध्ये हे हमखास सापडतं. सिलिंडरभोवती काळेपणा उडून गेलेली बारीक रेघ मात्र काळजीची नाही, स्टॉप घसटत जातो त्याची ती खूण आहे.

कुलूप किती घट्ट

चाप पूर्ण ओढून घोडा सावकाश खाली आणा आणि चाप ओढलेलाच धरून ठेवा. गोळी सुटते तेव्हाची ही स्थिती. आता सिलिंडर डावी-उजवीकडे हलवून बघा. जुन्या कोल्टमध्ये हालचाल जवळजवळ जाणवतच नाही. स्मिथमध्ये थोडा प्ले असतो आणि तो मुळातच ठेवलेला असतो. वेब्ली चाप सोडलेला असताना ढिली वाटते, चाप मागे असताना घट्ट धरते. तिला चाप सोडून तपासलं तर निष्कर्ष चुकेल. इथेही सहा आकडे हवेत. पाच घरं घट्ट आणि एक ढिलं असेल तर त्या घराची खाच रुंदावली आहे. सगळीच ढिली असतील तर स्टॉप, किंवा तो चौकटीतून बाहेर येतो ती खिडकी.

पुढे-मागे किती: दोन आकडे, एक वजाबाकी

सिलिंडर आणि नळी यांच्यामधली फट सगळे मोजतात, पण पुष्कळ जण एकदाच मोजतात आणि फसतात. दोनदा मोजायची असते. एकदा सिलिंडर बोटाने मागे दाबून धरून, एकदा पुढे दाबून धरून. जे सगळ्यात जाड पान जोर न लावता आत जातं ते माप.

समजा मागे दाबल्यावर ०.२३ मिमी, म्हणजे नऊ थाऊ आलं आणि पुढे दाबल्यावर ०.१० मिमी, म्हणजे चार थाऊ. वजाबाकी पाच थाऊ. एवढा सिलिंडर पुढे-मागे सरकतोय. एक-दोन थाऊ चांगलं, तीनपासून लक्ष ठेवायचं, पाचला दुरुस्ती करायचीच. कारण प्रत्येक गोळीला सिलिंडर या अंतरातून हातोडीसारखा आपटतो आणि अंतर स्वतःच वाढवत नेतो. फटीचं म्हणाल तर मागे दाबून चार ते सहा थाऊ उत्तम, आठपर्यंत चालतं, दहाच्या पुढे गेलं की वायू आणि शिसं दोन्ही बाजूंनी फेकलं जायला लागतं.

दोन आकडे वेगळे ठेवायचं कारण दुरुस्ती वेगळी आहे. स्मिथच्या घडणीत सरकणं कमी करायला सिलिंडरच्या आत दोन थाऊ जाडीचे पातळ वॉशर घालतात. वरच्या उदाहरणात दोन वॉशर घातले की सिलिंडर पुढे यायचा थांबतो: पुढे दाबून चारच्या जागी आठ थाऊ येईल, मागे दाबून नऊच राहील. सरकणं एक थाऊवर आलं, रिव्हॉल्व्हर सुधारली. पण मालक एकदाच, पुढच्या बाजूने मोजत असेल तर त्याला वाटतं फट दुप्पट झाली, कारागिराने वाट लावली. उलट मागे दाबूनच बारा थाऊ येत असेल तर वॉशरने काहीच होणार नाही, तिथे नळी एक आटा आत बसवून तिचं तोंड नव्याने करावं लागतं. ते मोठं काम आहे.

पुढे दाबल्यावर फट शून्य येत असेल तर सिलिंडर नळीला घासतोय. थंड असताना चालेल, दहा-बारा गोळ्यांनंतर गरम होऊन अडेल. ‘रेंजवर अडते, घरी चांगली चालते’ या तक्रारीचं उत्तर इथेच असतं.

फट सहाही घरांवर मोजा. एका बाजूच्या घरांवर चार थाऊ आणि समोरच्या बाजूला सात, असं येत असेल तर सिलिंडर तिरका बसलाय. बाजूला उघडणाऱ्या रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर ज्या बिजागरीवर झुलतो ती क्रेन वाकली असेल तर फट नळीच्या एकाच कडेला जास्त दिसते. फिरवल्यावर फट कमी-जास्त होत असेल तर सिलिंडरचं तोंड किंवा आस सरळ नाही. क्रेन वाकते ती बहुधा एका कारणाने: मनगटाच्या झटक्याने सिलिंडर खटकन बंद करणं. सिनेमात शोभतं. रिव्हॉल्व्हर नेहमी दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने ढकलूनच बंद करावी.

मधे मोडणाऱ्या रिव्हॉल्व्हरचं दुखणं

वेब्ली मार्क ४ आणि तिच्यावरून बेतलेली कानपूरची .३२ यांत क्रेन नाही, त्यामुळे झीज दुसरीकडे जाते: खालची बिजागरीची पिन आणि वरचा पकड-खटका. रिव्हॉल्व्हर बंद करा, एका हातात मूठ, दुसऱ्या हातात नळी धरा आणि नळी वर-खाली हलवून बघा. खटक्याजवळ ‘कट-कट’ जाणवली तर खटक्याची चोच किंवा ती ज्या पट्टीवर बसते तिची मागची कड झिजली आहे. टॉर्च मागून धरून खटका आणि वरची पट्टी यांच्यामधून उजेड दिसतो का बघा. नळी डावी-उजवीकडे हलत असेल तर दोष बिजागरीचा.

खटक्याची झीज धोक्याची आहे. ही घडण बेताच्या दाबाच्या काडतुसांसाठी आहे आणि गोळी सुटताना उघडू पाहणारी सगळी ताकद त्या खटक्यावर येते. उभी हालचाल स्पष्ट जाणवत असेल तर ती रिव्हॉल्व्हर दुरुस्त होईपर्यंत चालवू नये. एका हाताने झटका देऊन उघडण्या-मिटण्याची सवय खटका आणि पिन दोन्ही खाते.

घोडा पडतो, काडतूस फुटत नाही

इथे सगळ्यात आधी मुख्य स्प्रिंगवर आळ येतो, आणि तो बऱ्याचदा खोटा असतो. क्रम असा ठेवा. स्मिथ असेल तर मुठीच्या पुढच्या बाजूला खाली एक स्क्रू असतो, तो मुख्य स्प्रिंगला ताण देतो. तो पूर्ण आवळलेला असायला हवा. चाप हलका व्हावा म्हणून कुणीतरी तो सैल केलेला किंवा कापून आखूड केलेला सापडतो. मग वरची वजाबाकी बघा: सिलिंडर पाच-सहा थाऊ पुढे सरकत असेल तर पिनेचा बराच जोर त्याला पुढे ढकलण्यातच जातो आणि प्रायमरवर (काडतुसाच्या बुडातली, ठोक्याने पेटणारी टिकली) ठोका उथळ पडतो. स्प्रिंग चांगली असूनही हे होतं. मग पिनेचं टोक बघा, ते गोलसर आणि गुळगुळीत हवं. चपटं किंवा तुटकं असेल तर बदला. या तिन्ही गोष्टी ठीक असतील तर मग स्प्रिंग.

वापरलेल्या पुंगळ्या पुष्कळ बोलतात. परवानाप्राप्त रेंजवर सराव करणार असाल तर भरताना प्रत्येक काडतुसाच्या बुडावर, सिलिंडरच्या बाहेरच्या कडेकडे, मार्करचा ठिपका द्या आणि घराचा नंबर लिहा. नंतर ठोका मध्यापासून कुठे सरकलाय ते कळतं. ठिपका वर धरून बघा. मागून पाहिलं तर कोल्टचा सिलिंडर उजवीकडे फिरतो, स्मिथचा डावीकडे. ठोका फिरण्याच्या दिशेला सरकलेला असेल तर घर उशिरा पोचलंय. उलट दिशेला असेल तर पुढे निसटलंय. सगळ्या घरांवर ठोका वर किंवा खाली सरकलेला असेल तर तो फिरण्याचा प्रश्न नाही, घोड्याची किंवा क्रेनची बैठक बिघडली आहे. प्रायमर बुडातून थोडा बाहेर आलेला दिसला तर बुडामागे जागा जास्त आहे, आणि असा बाहेर आलेला प्रायमर मागच्या पाटीवर घासून पुढचं घर अडवतो.

शिसं उडतंय

नळीच्या मागच्या तोंडाला आत निमुळता होत जाणारा भाग असतो, त्याला फोर्सिंग कोन म्हणतात. टॉर्च लावून बघा. शिशाचा राखाडी थर सगळीकडून सारखा असेल तर तो साफ करा, बस. एकाच बाजूला, चमच्याने खरवडल्यासारखा जाड थर असेल तर गोळी मधोमध येत नाहीये; उशिरा पोचणाऱ्या घरांचा तुमचा कागद इथे जुळवून बघा. नेमका अंदाज नळीतून घरात जाणाऱ्या मापाच्या सळईने घेतात, ते काम कारागिराचं.

कोनाला तडा आहे का ते भिंगाने बघा, विशेषतः खालच्या बाजूला. १९५५ साली आलेल्या .३५७ मॅग्नमच्या स्मिथ मॉडेल १९ मध्ये क्रेनला जागा मिळावी म्हणून नळीचं तोंड खालून सपाट केलेलं आहे आणि हलक्या, वेगवान गोळ्यांनी तिथेच तडे गेल्याचं प्रसिद्ध आहे. नळीत आडवी काळी कड्यासारखी सावली दिसली तर आत अडकलेल्या गोळीवर दुसरी गोळी सुटून नळी फुगली आहे. तडा किंवा कडं, दोन्हीला नळी बदलणं हाच उपाय.

झीज वाटते पण झीज नाही

दोन जुन्या भानगडी माहीत असाव्यात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनसाठी बनवलेल्या .३८/२०० च्या स्मिथ रिव्हॉल्व्हर पुढे अमेरिकेत .३८ स्पेशलसाठी घरं खोल करून विकल्या गेल्या. मूळ काडतूस आखूड पण जाड, त्यामुळे स्पेशलची पुंगळी मागच्या अर्ध्यात फुगते, कधी फाटते. लोक घर झिजलं म्हणतात. घर झिजलेलं नाही, ते मुळातच रुंद आहे. तसंच .४५५ च्या पुष्कळ वेब्लींचं सिलिंडर मागून कापून .४५ एसीपी चालेल असं केलं गेलं. त्या काडतुसाचा कमाल दाब २१,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), वेब्लीची घडण त्यापेक्षा पुष्कळ कमी दाबाची. अशी रिव्हॉल्व्हर ढिली होत जाणारच आणि किती वेळा घट्ट केली तरी पुन्हा ढिली होईल. नळीवरचा छाप आणि परवान्यावरचा बोअर एकदा जुळवून बघा.

ताबडतोब थांबवावं असं काय

घोडा चढवून, चापाला हात न लावता, अंगठ्याने घोडा मध्यम जोराने पुढे ढकला. तो पडला तर ती रिव्हॉल्व्हर त्या क्षणापासून बंद. ज्या खाचेवर घोडा अडतो ती झिजली आहे किंवा चाप हलका करायच्या नादात घासली आहे. दुसरं, घोडा खाली आणि चाप सोडलेला असताना घोडा पुढे दाबला तरी पिनेचं टोक मागच्या पाटीतून बाहेर यायला नको. १९४४ मध्ये अमेरिकी नौदलात हातातून पडलेली स्मिथ व्हिक्टरी (युद्धकाळातलं मॉडेल) सुटून एक खलाशी दगावला, तेव्हा कंपनीने घोडा अडवणारी पट्टी नव्याने बनवली. त्याआधीची स्मिथ असेल तर घोड्याखालचं घर रिकामंच ठेवावं.

कारागिराला काय सांगायचं, काय करू द्यायचं नाही

कागद पुढे ठेवा: कुठल्या घराला उशीर, कुठलं ढिलं, मागे दाबून किती, पुढे दाबून किती. हँड ठोकून लांब करणं, खाचेच्या कडा हातोडीने परत आत बसवणं, चांदणीचे सहाही दाते एकदम घासणं, यांना नाही म्हणा. ठोकलेला हँड थोडे दिवस चालतो आणि पुन्हा दबतो. हेच ते ‘काही दिवस बरी, मग पुन्हा तेच’. सहा दाते घासले तर एका घराचा दोष सहा घरांना मिळतो. काम झाल्यावर त्याच डमी, तोच बोटाचा ब्रेक, तीच सहा घरं, आणि नवे आकडे जुन्यांच्या शेजारी लिहा.

ठेवण्याबद्दल थोडं. चामड्याच्या होल्स्टरमध्ये रिव्हॉल्व्हर साठवू नका. कमावलेल्या चामड्यातले क्षार आणि पावसाळ्याची ओल मिळून घरांच्या तोंडाशी खड्डे पाडतात, कोकणात तर एका पावसाळ्यात. युद्धकाळातल्या काडतुसांच्या प्रायमरमधले क्षारही असेच ओल धरतात, ती चालवलेली नळी आधी गरम पाण्याने धुवावी, मग वाळवून तेल. निवडणुकीच्या काळात पोलीस ठाण्यात जमा करताना नळी आणि सहाही घरांत तेलाचा पातळ हात फिरवा, होल्स्टर घरी ठेवा आणि रिव्हॉल्व्हर तेल लावलेल्या सुती कापडात गुंडाळून द्या. परत मिळाली की त्याच दिवशी कापड काढून सहाही घरं टॉर्चने बघा.